डॉक बिसिंगचे हात

फिलिपाईन्समधल्या आंतिके प्रांताच्या किनाऱ्यावर ज्या कुणाला कधी विंचू चावला, तीनचाकी ट्रायसिकल उलटून गुडघा फुटला किंवा भर लग्नाच्या पंगतीत छातीत कळ आली, त्यानं डॉक बिसिंगचा आवाज ऐकलेला असतोच. इस्पितळाच्या फाटकातून माणूस आत येण्याआधी तो आवाज बाहेर त्याला गाठतो. "कोण रडतंय? रडायचं तर मोकळं रडा! श्वास चाललाय एवढं तरी मला कळतं!"

तिचं पूर्ण नाव विसितासियोन फाद्रिगालान, पण ते फक्त चर्चमधल्या पाद्र्याला ठाऊक. बाकी सगळ्यांची ती डॉक बिसिंग. प्रांताच्या सरकारी इस्पितळात इमर्जन्सीची पक्की डॉक्टर म्हणजे ती एकटीच. कोवळे डॉक्टर यायचे, वर्ष-दोन वर्षं हात साफ करायचे आणि मनिला नाहीतर परदेश गाठायचे. बिसिंग मागे राहायची आणि पुढच्या खेपेच्या पोरांना पहिल्यापासून शिकवायला घ्यायची. पन्नाशी उलटली तरी तिचा उरक विशीतल्यांना लाजवेल असा होता. तिनं घातलेला टाका महिन्याभरानं शोधू म्हटलं तरी सापडायचा नाही. बाजारातल्या मासळीवाल्या एकमेकींना बजावून ठेवायच्या, "हात कापला तर तशीच थांब बाई, पण डॉक बिसिंगची पाळी बघून जा."

हे सगळं नीट चाललेलं असताना एक दिवस शाळेत बाकाच्या कोपऱ्यावर आपटून भुवई फुटलेली एक लहान मुलगी आली. जखम साधी होती. बिसिंगनं सुई हातात घेतली आणि सुईचं टोक हलताना तिला दिसलं. फार नाही, वाऱ्यानं पान हलावं तितकंच. तिनं श्वास रोखला, टाके पुरे केले. शेवटचा टाका वाकडा पडला. मुलीच्या आईनं तिचे हात धरून आभार मानले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बिसिंगच्या आलं.

आधी तिनं चष्म्याला दोष दिला, मग कॉफीला. कॉफी कमी केली तरी हात थांबेनात. त्यातच झोप उडाली. पहाटेच जाग यायची आणि छातीत असं धडधडायचं, जणू कुणी तिला हाका मारून उठवलं होतं. उकाडा सोसेना, पंखा तोंडासमोर ओढून बसायची आणि तरी घाम पुसत राहायची. कंबरेचे परकर-स्कर्ट ढिले झाले. तिचा नवरा हेर्नानी, शाळेतला निवृत्त कवायत मास्तर, त्याला सगळे नानी म्हणायचे. तो म्हणाला, "बिसिंग, तू परत लग्नातल्यासारखी दिसायला लागलीस. मला भीती वाटते, कुणी मागणी घालेल." ती हसली नाही, उलट त्याच्यावर खेकसली. मग खेकसल्याचं वाईट वाटून मोरीत जाऊन रडली. असं तिच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तिच्यासमोर हीच लक्षणं घेऊन दुसरी बाई आली असती, तर बिसिंगनं खुर्चीवरून न उठता त्यांची माळ ओवली असती. पण स्वतःच्या बाबतीत तिला एकच गोष्ट दिसत होती, हात. आणि हात दिसले की ताताय, तिचे वडील, आठवायचे.

त्यांचं कुलासी गावात बदामाच्या झाडाखाली केस कापायचं दुकान होतं. गावातलं प्रत्येक डोकं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पुढे त्यांना कंपवात झाला. तेव्हा बिसिंग मेडिकलच्या अभ्यासासाठी इलोइलो शहरात होती. सुट्टीला घरी आली की तिला दुकानात दर खेपेला माणसं कमी दिसायची. कुणी तातायना काही बोललं नाही. लोक भले होते म्हणूनच बोलले नाहीत, फक्त येईनासे झाले. रस्त्यात भेटले की हात हलवत हसायचे आणि मान वळवून दाट वाढलेले केस टोपीखाली लपवायचे. ताताय दुकान झाडून, खुर्ची पुसून, शेवटी स्वतःच त्या खुर्चीत बसून राहायचे. ते गेले तेव्हा बिसिंगला दुःख झालंच, पण त्या रिकाम्या खुर्चीचा तिनं जास्त धसका घेतला होता.

आता तो धसका तिच्या घरी राहायला आला.

एका सकाळी होडी उलटून पाण्यात सापडलेला एक कोळी आणला. ओठ निळे पडलेले, श्वास घरघर करत तुटत चाललेला. घशातून श्वासनलिकेत नळी घालणं भाग होतं. बिसिंगनं असल्या नळ्या उभ्या आयुष्यात किती घातल्या त्याला गणती नव्हती. तिनं त्याचा जबडा उघडला, चमच्यासारखं पातं जिभेवरून सरकवलं आणि पात्याच्या टोकाचा दिवा त्याच्या घशात नाचायला लागला.

"डॉक," शेजारून तिर्सो म्हणाला. तिर्सो हा वॉर्डचा मुख्य नर्स, तिच्याबरोबर केस पिकवलेला माणूस. "आम्बोला करू द्या की. त्याचा हात बसायला नको का?"

डॉक्टर आम्बो त्या वर्षीचा नवा पोरगा. तो पुढे झाला, नळी आत गेली, कोळी वाचला. तिर्सोनं ते वाक्य इतकं सहज टाकलं होतं की दुसरं कुणीही फसलं असतं. पण बोलताना तो आम्बोकडे पाहत नव्हता, तिच्या मनगटाकडे पाहत होता.

म्हणजे यांना कळलंय, बिसिंगच्या मनात आलं. हेही भलेच आहेत. हेही काही बोलणार नाहीत.

त्या आठवड्यात तिनं एक बेत पक्का केला. डॉक्टरकीच्या लायसन्सचं नूतनीकरण तिच्या वाढदिवसापर्यंत करायचं होतं आणि त्यासाठी कुठल्या तरी शिक्षणवर्गाला बसून गुण मिळवणं सक्तीचं होतं. आपण वर्गाला जायचंच नाही. गुण भरणार नाहीत, लायसन्स आपोआप सरेल. राजीनामा नको, निरोपाचं भाषण नको, कुणाला कारण सांगायला नको. तेल संपलेली समई विझावी तसं निमूट विझायचं. बेत तिला इतका आवडला की त्या दिवशी ती जरा बरी जेवली.

पण इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर सुमागायसाय यांनी परस्पर तिचं नाव घालून टाकलं.

"इलोइलोला जायचं," ते दारातूनच म्हणाले. "इमर्जन्सीच्या डॉक्टरांची उजळणी. श्वासनलिका आणि सोनोग्राफी, दोन दिवस."

"सर, मी म्हातारी झाले. आता शिकून कुठे दिवे लावू? आम्बोला पाठवा."

"आम्बोचं लायसन्स कोवळं आहे, तुझं वाळायला आलंय. तू घरी बसलीस तर इमर्जन्सीच्या पाटीखाली मला बसावं लागेल. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, बिसिंग. लोक मरायचे ते मरतीलच, फक्त सगळं स्पष्ट दिसत असताना मरतील."

घरी नानीला इलोइलो एवढा एकच शब्द ऐकू आला. "मी येणार," तो म्हणाला आणि बूट पुसायला बसला. "तू शीक. मी तिथलं शेवया-कलेजीचं बाचोय खातो. गेल्या खेपेला खाल्लेल्या बाचोयची चव अजून दातात आहे."

"दात घासत जा," बिसिंग म्हणाली. पण आता नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. तिनं पिशवी भरली.

वर्ग एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सभागृहात होता. आत शिरताच बिसिंग थबकली. ओळीनं टेबलं मांडलेली आणि प्रत्येक टेबलावर रबराचं एकेक डोकं, तोंड उघडं, नजर छताकडे. भोवती जमलेले बहुतेक डॉक्टर तिच्या भाच्यांच्या वयाचे, गळ्यात रंगीत स्टेथोस्कोप. तिच्या वयाचं कुणी दिसेना. एक गोल पोटाचा, चाळिशीतला डॉक्टर तेवढा खुर्ची ओढत तिच्याजवळ आला.

"मानांग, इथं बसू का? मी रेनांते, आक्लानहून. मला मागच्या ओळीत बसायचं होतं, पण मागची ओळ आधीच भरली. सगळ्यांनाच माझ्यासारखी भीती वाटते बहुतेक."

मानांग म्हणजे थोरली बहीण. कुणी परकं माणूस पहिल्याच वाक्यात इतकं घरचं होऊन बोललं की बिसिंगचा कडकपणा टिकत नसे. तिनं पिशवी उचलून जागा करून दिली.

तेवढ्यात व्यासपीठावर शिकवणारी आली आणि बिसिंगला दुसरा धक्का बसला. ती जिन्की ओबेन्सिया होती. फार वर्षांपूर्वी हीच जिन्की शिकाऊ डॉक्टर म्हणून आंतिकेत आली होती आणि पहिल्याच दिवशी रक्त बघून धाडकन पडली होती. बिसिंगनं तिला कलामान्सी लिंबाचं सरबत पाजून उभं केलं होतं आणि तासाभरात परत त्याच जखमेसमोर नेऊन बसवलं होतं. आता तिच्या बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं. बिसिंगला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"मॅम! तुम्ही माझ्या वर्गात? आता माझीच परीक्षा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. बिसिंगनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि हसली.

सकाळ व्याख्यानांत गेली. खरं सांगायचं तर तिला ती आवडली. जुन्या गोष्टी नव्यानं कळत होत्या, काही आपण उगाचच वर्षानुवर्षं करत आलो हेही कळत होतं. कितीतरी दिवसांत प्रथमच ती हात विसरली. मग दुपारी रबरी डोक्यांशी गाठ पडली.

आता नव्या यंत्रात पात्याच्या टोकाला कॅमेरा असतो आणि घशाचं चित्र पडद्यावर उमटतं. शिकणाऱ्यांना सोपं जावं म्हणून तो पडदा भिंतीएवढा मोठा लावला होता. रेनांतेची पाळी झाली. त्यानं नळी सरळ अन्ननलिकेत घातली. "पेशंटला जेवण मिळालं," तो म्हणाला आणि सगळे हसले. मग बिसिंग उभी राहिली.

तिनं पातं आत सरकवलं. भिंतीवर स्वरतंतूंचं पांढरं दार उघडलं आणि भूकंप झाल्यासारखं हादरायला लागलं. आजवर जे तिच्या एकटीच्या बोटात होतं ते सगळ्या सभागृहानं पाहिलं. हसणं बंद झालं. नळीचं टोक दाराच्या डावीकडे आपटलं, मग उजवीकडे. तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला.

"मॅम, कोपर बरगडीला टेकवा," जिन्की शेजारी येऊन हळू म्हणाली. "घाई नाही. माणूस रबराचा आहे."

कोपर टेकवल्यावर हादरा कमी झाला. नळी आत गेली. कुणीतरी टाळी वाजवली आणि त्या टाळीनं बिसिंगला जास्त लाज वाटली. लहान मुलानं पहिलं पाऊल टाकल्यावर वाजवतात तशी होती ती.

चहाच्या सुट्टीत जिन्कीनं तिला व्हरांड्यात गाठलं. "मॅम, हात कधीपासून...?"

"कॉफी," बिसिंग ताडकन म्हणाली. "तुमच्या शहरातली कॉफी फार कडक."

"मॅम, तुम्ही सकाळपासून पाणीच पिताय."

"मग पाणी कडक असेल!" बिसिंग चढ्या आवाजात म्हणाली आणि आत निघून गेली. जिन्की जागच्या जागी उभी राहिली. तिला जुन्या मॅम ठाऊक होत्या. त्या ओरडायच्या, पण अशा कधी पळायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी नानी पोटभर बाचोय खाऊन खुशीत होता. बिसिंग त्याला म्हणाली, "उद्या सकाळच्या बसनं परत जाऊ. मला बरं वाटत नाही."

नानीनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. एरवी तो कधी तिच्या कामात बोलत नसे. या वेळी म्हणाला, "शाळेत जी पोरं अर्ध्या मैदानातून पळून जायची, त्यांना मी दुसऱ्या दिवशी पूर्ण चक्कर मारायला लावायचो. तुला काय लावू?"

तिनं पिशवी भरून दाराशी ठेवली. पण सकाळी ती सभागृहात होती.

दुसरा दिवस सोनोग्राफीचा. जोड्या पाडल्या होत्या. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं त्याच्या मानेवर यंत्र फिरवून श्वासनलिका शोधायची, म्हणजे कधी घशातून वाट मिळाली नाही तर पुढून कुठे छेद द्यायचा ते नेमकं कळतं. रेनांते म्हणाला, "मानांग, तुम्ही झोपा. मी झोपलो तर घोरेन."

बिसिंगला बरंच वाटलं. झोपलेल्या माणसाच्या हातांकडे कोण बघतं? ती टेबलावर आडवी झाली, रेनांतेनं मानेला जेली फासली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. "गार आहे का? माझी बायको म्हणते माझे हातच गार असतात. ही बघा श्वासनलिका, मानांग, काय सुंदर कडी आहे! घोड्याच्या नालासारखी. आणि हे दोन्ही बाजूंना... ही थायरॉईड... हे रंगाचं बटण कशाला असतं बरं?"

आणि तो गप्प झाला.

रेनांते भेटल्यापासून गप्प झाला नव्हता. जेवतानाही नव्हता. पेशंटसमोर डॉक्टर असा गप्प कधी होतो, हे बिसिंगला पुरतं माहीत होतं.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"मानांग, हलू नका जरा." त्याचा आवाज बदलला होता. त्यानं हात वर करून जिन्कीला बोलावलं.

जिन्की आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, यंत्र स्वतःच्या हातात घेतलं, मानेच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलं. बिसिंग छताकडे बघत होती. गाठ असणार, तिनं ठरवून टाकलं. हातांचं दुखणं कमी होतं म्हणून आता गाठही. नानीला कोण सांगणार?

जिन्कीनं यंत्र बाजूला ठेवलं आणि तिचं मनगट धरलं. नाडी मोजताना तिच्या भुवया वर गेल्या.

"मॅम, उठून बसा. हात पुढे करा. बोटं पसरा."

"जिन्की..."

"मॅम, तुम्हीच शिकवलंय. पेशंटनं वाद घालायचा नाही."

बिसिंगनं हात पुढे केले. जिन्कीनं टेबलावरचा एक कोरा कागद उचलून तिच्या बोटांवर आडवा ठेवला. कागद सुळसुळायला लागला, बारीक, भरभर.

"आता मांडीवर ठेवा. सैल सोडा."

मांडीवर हात ठेवताच ते थांबले. बिसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिनं हे एकदाही धीरानं पाहिलं नव्हतं. हात दिसला की ती नजर फिरवायची.

"वजन कमी झालंय?"

"हो."

"भूक?"

"लागते. खाते."

"झोप? उकाडा? छातीत धडधड?"

प्रत्येक प्रश्नाबरोबर बिसिंगच्या डोक्यात एकेक मणी टकटक करत दोऱ्यात बसत होता.

जिन्की तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "मॅम, तुम्हाला काय झालंय असं वाटत होतं?"

रेनांते जेलीचा फडका घेऊन उभा होता, तो दुसरीकडे पाहायला लागला.

"माझ्या वडिलांना कंपवात होता," बिसिंग म्हणाली. हे वाक्य तिनं मोठ्यानं प्रथमच उच्चारलं होतं.

"त्यांचा हात कधी थरथरायचा? काम करताना, की रिकामा असताना?"

बिसिंगच्या डोळ्यांपुढे रविवारची प्रार्थना आली. तातायचा हात समोरच्या बाकावर नुसता टेकलेला, अंगठा आणि बोट एकमेकांवर घोळत असलेले, वाटाणा चोळावा तसे. आणि तोच हात कात्री धरली की थोडा वेळ शांत व्हायचा. उलट तिचा हात बसल्या जागी शांत होता आणि काम धरलं की नाचत होता. अगदी उलट! हा फरक तिनं दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून शिकवला होता.

"अरे देवा," ती म्हणाली. "जिन्की, मी गाढव आहे."

"तुमची थायरॉईड दुप्पट झालीय, मॅम, आणि पडदा बघा. तुम्ही इतके दिवस चाललात कशा?"

बिसिंगनं मान वळवून पडदा पाहिला. ग्रंथीत रक्त इतक्या जोरानं धावत होतं की लाल-निळ्या रंगांनी सगळा पडदा होळीसारखा पेटला होता. रक्त तपासायचं बाकी होतं, पण डोळ्यांना तपासणी लागत नव्हती. हे गोळ्यांनी आटोक्यात येणारं दुखणं होतं. गोळ्यांनी! ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला. मग दोन्ही एकदमच सुरू झालं, त्यामुळे सभागृहातले लोक हातातलं काम सोडून बघायला लागले.

रेनांतेनं घाबरून तिला डोळे पुसायला फडका दिला. तो जेलीचा होता. तिचा चेहरा चिकट होऊन चकाकायला लागला.

"माठ्या!" ती ओरडली, आणि तो आवाज आंतिकेच्या फाटकापर्यंत पोचणारा तिचा जुना आवाज होता. मग ती परत टेबलावर आडवी झाली. "आता बघता काय सगळे? या इकडे, रांग लावा! अशी पेटलेली थायरॉईड पुस्तकात बघायला मिळते, इथं जिवंत आहे. एकेकानं यंत्र लावून बघायचं. आणि जो मला सांगेल की काय काय विचारायला हवं होतं, त्याला मी कुलासीचा गूळ पाठवीन."

रंगीत स्टेथोस्कोपवाली पोरं पुढे आली. तिच्या मानेवर एकेक हात येत गेला आणि ती खालून एकेकाला प्रश्न विचारत गेली. एका मुलीनं सगळं बरोबर सांगितलं, फक्त नाडी बघायची विसरली. बिसिंग म्हणाली, "गूळ अर्धा." तास संपला तरी रांग संपली नव्हती. जिन्की कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. शेवटी तीच म्हणाली की आता पेशंटला सोडा, रक्त काढायचंय.

संध्याकाळी अहवाल आला. जे पडद्यावर दिसलं तेच कागदावर होतं. हृदयाचा आलेख काढला, ठोके भरभर पण सरळ. जिन्कीनं तिला एका ओळखीच्या थायरॉईडच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "एक गोळी थरथर लगेच उतरवेल, दुसरीला वेळ लागेल. धीर धरा. पेशंट झालेल्या डॉक्टरांकडे तोच सगळ्यात कमी असतो."

नानी बाचोयच्या दुकानात तिची वाट बघत बसला होता. तिनं समोर बसून त्याला सगळं सांगितलं, कंपवाताची भीतीही सांगितली, लायसन्स सरू द्यायचा बेतही सांगितला. नानी चमचा खाली ठेवून ऐकत राहिला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

"तातायचंच दुखणं असेल असं. म्हणून तर मी तुझा पेला अर्धाच भरायचो."

बिसिंगला आठवलं. इतके महिने तिला सकाळची कॉफी अर्धा पेला मिळत होती आणि नवरा म्हातारपणी चिक्कू झाला असं समजून ती मनात त्याला शिव्या घालत होती. सांडू नये म्हणून तो अर्धी भरत होता.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला नको असेल." नानीनं आपल्या वाडग्यातला कलेजीचा मोठा तुकडा उचलून तिच्या वाडग्यात टाकला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यानं बाचोयमधली कलेजी कुणाला दिली नव्हती. "खा. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत."

"या गोळ्यांना तसं काही नसतं."

"डॉक्टर मी की तू? खा!"

ती इतकं हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मग तिनं कलेजी खाल्ली, सूप प्यायली आणि आणखी एक वाडगा मागवला.

परत आल्यावर सोमवारी बिसिंगनं पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना गोळा केलं. आपल्याला काय झालंय ते दोन वाक्यांत सांगून टाकलं. मग तिर्सोकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

तिर्सोनं मान खाली घातली. "हात दिसत होता, डॉक. आम्हा सगळ्यांनाच."

"आणि?"

"आम्ही ठरवलं होतं... तुम्ही बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि अवघड काम आलं की कुणीतरी पुढे व्हायचं. तुमचा मान..."

"मान!" बिसिंग कडाडली. "मी काय मिरवणुकीतली देवीची मूर्ती आहे, तडा गेला तर फुलं लावून झाकायला? माझा हात हलला तर सांगायचं, डॉक, तुमचा हात हलतोय. आम्बो, तूही! उद्या माझ्या हातून कुणाचा जीव गेला असता तर माझ्या मानाची काय खीर करून खाल्ली असती?"

तिचाच आवाज मग खाली आला. "सांगायला मीही हवं होतं. ती चूक माझी आधी. पण तुम्ही मला असं एकटं नका सोडू."

तिर्सोच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "डॉक, तुमचा चष्मा उलटा आहे."

खरंच उलटा होता. तिनं सरळ केला.

पुढचे दोन महिने तिनं कुणाच्या घशात नळी घातली नाही. स्वतःच ठरवून घातली नाही. आम्बो करायचा आणि ती शेजारी उभी राहून सांगायची. थरथर पहिल्या आठवड्यातच उतरली होती, तरी ती थांबली. झोप परत आली ती इतकी की नानीला दुपारी दारात बसून पाहुण्यांना परतवावं लागायचं. "डॉक्टर झोपल्यात. मरायला टेकला असाल तर उठवतो, नाहीतर चारनंतर या." स्कर्ट पुन्हा घट्ट झाले. तिनं त्याबद्दल कुरकुर केली आणि ती कुरकुर नानीला गाण्यासारखी वाटली.

मग एकदा भर दुपारी, आम्बो रजेवर असताना, मधमाश्या चावून सुजलेला एक म्हातारा आला. घसा आवळत चाललेला. औषधं टोचली तरी सूज थांबेना. तिर्सोनं सगळं मांडून ठेवलं आणि पातं तिच्या हातात देताना तिच्या मनगटाकडे उघड उघड पाहिलं. त्यानं ते आता लपवलं नाही.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"स्थिर आहे, डॉक."

"मग माझं मनगट बघणं सोड आणि त्याचं डोकं धर."

सुजलेल्या घशात वाट बोटभरसुद्धा नव्हती. तिनं कोपर बरगडीला टेकवलं. नळी एका दमात आत गेली. म्हाताऱ्याची छाती वर उचलली, खाली बसली, परत उचलली. बिसिंगनं नळी पट्टीनं बांधली, हातमोजे काढले आणि हात धुवायला नळावर गेली. तिथं तिनं जरुरीपेक्षा जास्त वेळ हात धुतले. म्हातारा पुढे आठवड्याभरात चालत घरी गेला. जाताना मधाची बाटली देऊ लागला, तेव्हा ती म्हणाली, "ती माश्यांना परत द्या आणि माफी मागा."

गोळ्या अजून चालू आहेत. एकदा त्या बंद करून पाहिल्या तर धडधड परत आली, तेव्हा परत सुरू केल्या. या वेळी तिनं त्याच दिवशी तिर्सोला सांगितलं, नानीला सांगितलं आणि नको असताना मासळीबाजारालाही सांगितलं. लायसन्स वेळेत नवं झालं. डॉक्टर सुमागायसाय तेव्हा म्हणाले की आपण डोळ्यांकडे परत जायला मोकळे झालो.

आता दरवर्षी ती इलोइलोच्या वर्गाला जाते, गुण पुरे झालेले असले तरी जाते. पहिल्या ओळीत बसते, इतके प्रश्न विचारते की जिन्कीला जेवणाची सुट्टी पुढे ढकलावी लागते. रेनांते आक्लानहून येतो आणि तिच्यासाठी जागा धरून ठेवतो. या वर्षीचा विषय सापाच्या विषाचा आहे. आम्बो तर अजून मनिलाला किंवा परदेशी गेलेला नाही, त्यानंही नाव दिलंय.